दुकान बंद करा

आमचं ऑफिस कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, एका पिठाच्या गिरणीच्या वर आहे. माझ्या शेजारी सटाण्याची एक मुलगी बसते. आम्ही दोघींनी मिळून येवल्याच्या एका पैठणीच्या दुकानासाठी सॉफ्टवेअर लिहिलं. मिळून म्हणजे, बहुतेक सगळं मी लिहिलं आणि मोर तिने.

प्रोग्रॅमर कधी कधी आपल्या कामात गुपचूप एखादी गंमत दडवून ठेवतात. ईस्टर एग म्हणतात तिला. दुकानात बराच वेळ कुणी माऊसला हात लावला नाही की पडद्याच्या कडेने एक मोर डुलत यायचा आणि त्याच्या चोचीपाशी तिच्या अहिराणीत अक्षरं उमटायची, "झोप लागनी का भाऊ?"

दुकानाच्या मालककाकांचा फोन आला तेव्हा सरांनी तो स्पीकरवर टाकला.

"अहो, जेवणानंतर जरा डोळा लागला, तर तुमच्या मोराने पकडलं की मला!"

सगळं ऑफिस हसलं. मीही हसले, बेताने. तेव्हापासून दुकानाचा प्रत्येक फोन 'मोरवाल्या ताईं'साठी यायचा. काही बिघडलं तरच 'त्या दुसऱ्या मॅडम' लागायच्या.

मला असं हसवता येत नाही. माझे विनोद इंग्रजीत सुचतात, तेही वेळ निघून गेल्यावर. पण माझीही एक गंमत त्या सॉफ्टवेअरमध्ये होती आणि ती मोरापेक्षा सुंदर होती. संध्याकाळी दिवसाचा हिशेब मिटवायचं बटण दाबलं की त्या दिवशी विकल्या गेलेल्या साड्यांचे रंग एकेक धागा होऊन पडद्यावर येत आणि त्यांचा काठ विणला जाई. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणीतरी तो आपणहून पाहावा आणि विचारावं, हे कुणी केलं? एवढंच मला हवं होतं.

कुणीच विचारलं नाही. उलट तक्रार आली की रोजचा हिशेब मिटतच नाही. सरांनी आम्हा दोघींना एसटीने येवल्याला पाठवलं.

दुकानात गेल्यावर कळलं, ते बटण आजवर कुणी दाबलंच नव्हतं. काका सरळ मेन स्विच बंद करून घरी जात.

"का पण, काका?" मी विचारलं.

"ताई, काय लिहिलंय बघा तरी. 'दुकान बंद करा'! दिवेलागणीला लक्ष्मीसमोर असं कुणी बोलतं का?"

मला तरीही कळेना. शेजारी ती मात्र कपाळाला हात लावून हसत होती. "अगं, दुकान बंद नाही करत. वाढवतात. नारळ वाढवतात तसं. आमच्या किराणा दुकानात पप्पा 'बंद' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावरसुद्धा डाफरतात." मग काकांना म्हणाली, "हिचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालंय ना, काका. समजून घ्या."

माझ्या वतीने माफी मागायला तिला कुणी सांगितलं होतं?

तिने तिथेच उभ्याउभ्या अक्षरं बदलली. दिवे लागले, उदबत्ती फिरली. काकांनी 'दुकान वाढवा' दाबलं आणि पडद्यावर डाळिंबी रंगाचा पहिला धागा सरकला. मग मोरपंखी. मग मोतिया. घड्या घालणाऱ्या बायका हातातल्या साड्या तशाच धरून जवळ आल्या. काठ पुरा होईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

काका तिच्याकडे वळले. "ताई, मोरापेक्षा भारी! हेही तुमचंच ना?"

तिने पडद्यावरून नजर माझ्याकडे वळवली. हो म्हण, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मग तिचा राग करायला मला एक कारण तरी मिळालं असतं.

"नाही हो काका. मला तर माहीतही नव्हतं. हे हिचं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कितीतरी दिवस मला हेच हवं होतं आणि आता ते तिच्या हातून मिळत होतं. मी मान खाली घालून लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागले.

परतीच्या एसटीत तिने शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढे धरली. "मला तरी सांगायचंस. ते धागे एकमेकांत कसे गुंतवलेस गं? शिकव ना."

मी शेंगदाणे घेतले आणि सांगितलं. पण सगळं नाही.