भाऊंच्या डोक्यातलं कलम

झाड दिसलं की बाकीचे लोक फळं बघतात. आमचे थोरले भाऊ वाकून खोडाचा जोड बघत. शेलूबाजारजवळच्या आमच्या रोपवाटिकेत त्यांनी हजारो संत्र्यांची कलमं बांधली असतील. खाली जंबेरी लिंबाचा खुंट, वर संत्र्याचं कलम. “खुंट कोनाचाबी असू दे,” ते म्हणत, “फळ वरच्याचंच येते.”

हेच वाक्य पुढे त्यांच्या जिवावर बेतलं, आणि त्याला कारण माझी जीभ.

भाऊंना रक्ताचा कॅन्सर झाला. मूळपेशी द्यायला घरात त्यांच्याशी जुळणारा मीच निघालो. आयुष्यात मी पहिला आलो ती ही एकच परीक्षा. नागपूरच्या दवाखान्यात माझ्या रक्तातून त्या काढल्या. भाऊंच्या हाडांतला मगज जबर औषधांनी आधीच मारून झाला होता. आता माझ्या पेशींची पिशवी टांगायची तेवढी बाकी. मी मोबाईलवर काहीतरी अर्धवट वाचलेलं. त्यांना हसवावं म्हणून म्हणालो, “भाऊ, ह्या पेशी मेंदूतबी जातात म्हने. आता तुमीबी माह्यासारखेच विसरभोळे!”

भाऊंनी छातीवरची नळी मुठीत धरली.

“म्हंजे खुंट मी, आन कलम तुहं?”

“मजाक केली नं, भाऊ.”

“मले नोको तुही पिशवी. मेलो तं मेलो, पन माह्याच डोक्यानं मरतो.”

पिशवी नाही तर मरण ठरलेलं. मी डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन गुन्हा कबूल केला. त्या भाऊंजवळ येऊन बसल्या. “काका, रक्ताच्या पेशी रक्तच बनवतात. थोड्या मेंदूत पोचतात, पण राखणदार म्हणून. विचार करणाऱ्या पेशी त्यांच्यापासून झाल्यासारखं काहींना वाटलं होतं. पुढच्या तपासण्यांत ते फारसं टिकलं नाही.”

भाऊंनी मला खालून वर न्याहाळलं. “राखनदार? हा? याच्यानं शेळी राखल्या जात नाई.” पण मूठ सोडली.

पुढे त्यांचा रक्तगट बदलून माझा झाला. तो कागद पाहून ते पांढरेफटक पडले. तेव्हापासून रोज सकाळी बोटांवर घोकत बसायचे: आईचं माहेर, मुलींच्या जन्मवेळा, कोणत्या वाफ्यात कोणती रोपं. एखादं नाव अडलं की माझ्याकडे असं बघत, जणू मीच आत शिरून ते लपवलंय. खरं सांगतो, मलाही तशीच भीती वाटे.

दीड वर्षानं फुप्फुसात जंतू शिरले. पुन्हा नागपूर. दोन दिवस भाऊ कोणाला ओळखेनात. मी उशाशी बसून माझ्याच पेशींना विनवत होतो, वर जाऊ नका रे बाबांनो, तिथं हात लावू नका. तिसऱ्या दुपारी त्यांनी डोळे उघडले.

“मोटर ऑटोवरच ठेवून आला का?”

लाईट आली की आपोआप सुरू होणारी विहिरीवरची मोटर. मी ती तशीच ठेवून आलो होतो.

“रोपं सडतीन नं बे! डोक्यात काय भरलं हाये तुह्या?”

इतक्या आनंदानं मी कधी बोलणी खाल्ली नव्हती. अख्खेच्या अख्खे भाऊ होते ते. संध्याकाळी गेले.

त्यांना घरी आणलं तेव्हा रोपांत घोटाभर पाणी साचलेलं. मी मोटर बंद केली आणि कोणीतरी ओरडेल म्हणून थोडा वेळ तिथंच उभा राहिलो.