देवळापुढला ओला नंदी

नंदी अजून ओला होता. बोट लावले तर पांढरा ऑइलपेंट बोटाला आला.

शिरड शहापूरजवळच्या एका मठाच्या भिंतीवर औंढ्याची जुनी आख्यायिका चितारलेली होती. पुजाऱ्यांनी देवळामागे हाकललेले नरसीचे संत तिथेच कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी मात्र जागेवर, म्हणजे पाठीमागे, राहिला. चित्रातल्या श्रोत्यांत कडेवर लेकरू घेतलेली एक बाई होती. गावातल्या बाळंतिणी आपले बाळ आधी तिला दाखवत.

मी सरकारी खात्यात चित्रजतनाचा रसायनज्ञ होतो. भिंत संरक्षित होती.

"कुणाच्या परवानगीने?" मी गरजलो.

"साहेब, नंदी कुठं देवळाच्या मागं असतो व्हय? काढणाराचं चुकलं व्हतं, मी बराबर केलं," देवळापुढे नवा नंदी रंगवलेला बाळापूरचा पेंटर म्हणाला.

ती बाई लेकरासह त्या नव्या नंदीखाली गेली होती.

ऑइलपेंट ओला असेतो टर्पेंटाइनच्या बोळ्याने अलगद उचलता येतो. वाळला, की खालच्या रंगाला धरून बसतो. बाटली माझ्या हातात होती. वरिष्ठांना फोन लावला.

"काढून टाका. कागद नंतर करू."

"तोंडी चालणार नाही. लेखी आदेश द्या."

"अहो, दोन तासांचं काम आहे!"

"मग आदेश दोन तासांत द्या."

तोंडी आदेशावर काम केलेल्या सहकाऱ्याची चौकशी मी पाहिली होती. आदेश देणाऱ्याला तेव्हा काहीच आठवत नव्हते.

मठाची झाडलोट करणाऱ्या कौसाबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते.

"ओलं हाय तवर पुसा की. काहून थांबून राहिले?"

"हुकूम आल्याशिवाय नाही."

"बाटली तर तुमच्याच हातात हाय!"

त्याच दुपारी मी खात्याला, तहसीलला आणि मठाच्या समितीला कलमांसह पत्रे धाडली. आदेश एकविसाव्या दिवशी आला. आठवडाभर बोळ्यांनी, मग बारीक पात्याने नंदी काढला. बाईचा चेहरा वाचला. लेकरू रंगाच्या खपलीबरोबर निघून आले.

कौसाबाई नातीला घेऊन आल्या. भिंतीवरच्या बाईकडे पाहिले.

"हिचीच कड रिकामी झाली. हिला लेकरू कसं दाखवू?" म्हणाल्या आणि परतल्या.

अहवालात 'हानीचे कारण' या रकान्यात पेंटरचे नाव अपेक्षित होते; ते लिहिले. त्याखाली मी आणखी एक ओळ लिहिली: 'लेखी आदेशाच्या आग्रहापायी प्रस्तुत अधिकाऱ्याने केलेला विलंब.' ती ओळ वगळावी, या शेऱ्यासह अहवाल दोनदा परत आला. दोन्ही वेळा मी तो तसाच पाठवला.

लेखी आदेश कर्मचाऱ्याचे रक्षण करतो. माझे केले.