बाणूबाईची गळकी गाडी

मुडबीच्या बाणूबाईला घर कुठं असं विचारलं, की ती जुन्या मिनीबसकडं बोट दाखवायची. शाळेची पोरं वाहून खिळखिळी झालेली ती गाडी नवऱ्यानं, काशाप्पानं, लिलावात घेतली होती. बाकं काढून पुढं पलंग टाकला, मागं चूल मांडली. खतासाठी त्यांच्या मेंढ्या ज्याच्या शेतात बसतील, तिथं ही गाडी उभी राहायची. काशाप्पा गेल्यावर लोक म्हणाले, आता विकणार. बाईनं पन्नाशी उलटल्यावर गाडी चालवायचा परवाना काढला. दीर भीमण्णा मेंढ्या हाकत पायी निघायचा आणि ही स्टिअरिंग धरून मागनं. हसणारे चार दिवस हसले आणि गप्प बसले.

यंदा मात्र छत गळायला लागलं. गादी भिजली, बाई तापानं फणफणली. कलबुर्गीत नोकरीला असलेला मुलगा मल्लेश धावत आला आणि त्यानं निकालच लावला. पुढच्या पावसात एक थेंब जरी आत आला, तर गाडी भंगारात आणि माय त्याच्या घरी. बाई नुसती "बरं" म्हणाली. मल्लेशला वाटलं, जिंकलो. एवढी वर्षं तिच्या हाताखाली वाढूनही त्याला ते 'बरं' कळलं नव्हतं.

बसवकल्याणच्या मिस्त्रीनं पलंगावरच्या पत्र्याला डांबर फासलं होतं. तरी गळतच होतं. मग त्यानंही भंगाराचाच सल्ला दिला. त्याला चूक सापडली नाही की गाडीच चुकीची! बाईनं आपलं डोकं चालवलं. मुडबीत गाडीचं तोंड उताराला होतं, तेव्हा पाणी पलंगावर पडलं. जनवाड्याकडं तोंड चढाला होतं, तेव्हा चुलीवर. म्हणजे पाणी शिरत होतं भलतीकडंच आणि पत्रा नि आतल्या प्लायवूडच्या मधनं उतार बघून धावत होतं.

गोमाशा मेंढ्यांना छळायला लागल्या की कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायचा, हे ती लहानपणापासून करत आली होती. तिनं पलंगावरच्या छताची फुगलेली प्लायवूडची फळी उचकटली, खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या, घमेल्यात गोवऱ्या पेटवून वर ओला पाला टाकला, दार लावलं आणि शिडीनं टपावर चढली. गाडी पेटली म्हणून भीमण्णा घागर घेऊन पळत आला. तिनं त्याला तिथंच उभं केलं.

धूर निघाला तो टपाच्या मधोमध, सोलरच्या प्लेटखालून, चार बारीक धारांनी. गेल्या वर्षी मल्लेशनंच रजा काढून ती प्लेट बसवली होती. मायच्या फोनचं चार्जिंग संपू नये, तिनं रोज फोन उचलावा म्हणून. स्क्रू सरळ पत्र्यात मारले होते, खाली रबर नाही की काही नाही. बाईला आधी हसू आलं आणि मग लेकाची माया आठवून वाईटही वाटलं.

तिनं स्क्रू काढले, गंज घासला, टायरच्या जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कापले, भोकांत सिलिकॉन भरलं आणि नवे स्क्रू आवळले. वरून सहा घागरी पाणी ओतून बघितलं. मल्लेशला फोनवर यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

हस्ताचा पाऊस आला तेव्हा मल्लेश आत पलंगावर बसून होता. दोन तास पाऊस टपावर आदळत होता. त्यानं सगळ्या छतावरून हात फिरवला, गादीसुद्धा उलटून बघितली. सगळं कोरडं. पाऊस थांबल्यावर बाईनं कनवटीचे चार गंजके स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवले.

"तुला वाटलं गाडी म्हातारी झाली, माय म्हातारी झाली. ही भोकं तू पाडलीस."

मल्लेश स्क्रूंकडं बघत राहिला. "मंग फोनवर कामून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तू पाऊस बघायला आला असतास व्हय?"

बाईनं पदर खोचला, स्टिअरिंगपाशी बसून चावी फिरवली.

"भीमण्णा मेंढ्या घेऊन पुढं जायलाय. यायचं तर बस, न्हाई तर उतर."

मल्लेश निमूट पुढच्या सीटवर जाऊन बसला.