दोन रेघांचे पॅटिस

बेकरीवाल्या आजींचा हात तीस वर्षांत चुकला नव्हता. बटाट्याच्या पॅटिसवर सुरीची एक रेघ, माशाच्या पॅटिसवर दोन. घरी मात्र नात आणि आजोबा म्हणजे एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. मासा म्हटला की दोघंही नाक मुरडायची. म्हणून रविवारी आजींनी काटे काढून, लिंबू-मिरी लावून मासा पॅटिसमध्ये दडवला आणि ठरवलं, वर एकच रेघ मारायची. पण सवयीचा हात तो! ट्रे ओव्हनबाहेर आला, तर प्रत्येकावर दोन रेघा.

"मासा आहे!" नात ओरडली. आजोबांनी बशी दूर सरकवली.

आजींचं डोकं फिरलं. "नकाच खाऊ! हे माझे आहेत. खबरदार कुणी हात लावला तर!" म्हणत त्या तरातरा अंघोळीला गेल्या.

परत येऊन बघतात तो ट्रे रिकामा. नातीच्या फ्रॉकभर पापुद्र्यांचा चुरा, आणि आजोबा मिशा पुसत म्हणतात, "मांजर आलं होतं बहुतेक."

दुसऱ्या दिवशी आजींनी पॅटिसमध्ये कारलं भरलं, वर तीन रेघा मारल्या आणि ट्रे टेबलावर आदळून दरडावलं, "हे माझे आहेत!"