मोडक्या डोलकाठ्यांचं जहाज

इंदूरहून निघाले तेव्हा छत्रीबागेतली आमची अख्खी गल्ली मला सोडायला आली होती, आणि सगळ्यांचं एकच सांगणं, "दीदी, पक्का पता करून ये!"

कारण आमचे वसंतकाका. पोलोग्राउंडच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेला हा माणूस अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीसाठी आयुष्यातली पहिली झांकी (ट्रॉलीवरचा देखावा) करत होता: अर्जेंटिनाचं जुनं आरमारी जहाज 'उरुग्वे'. दक्षिण ध्रुवाकडे बर्फात अडकलेल्या शास्त्रज्ञांना सोडवून आणताना वादळात त्याच्या तीनपैकी दोन डोलकाठ्या मोडल्या, असं काकांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांना जहाज तसंच दाखवायचं होतं.

"काकाजी, टूटा हुआ जहाज घेऊन कोण मिरवतं? लोक हसतील ना यार," मंडळाचा अध्यक्ष बंटी म्हणाला. खात्री पटली नाही तर काम दुसऱ्याला देणार होते. आणि मी ऑफिसच्या कामासाठी नेमकी ब्युनोस आयर्सलाच निघाले होते, ते जहाज आजही जिथल्या बंदरात उभं आहे तिथेच!

तिथे सुट्टी मिळताच धावत बंदर गाठलं. जहाज दिसताच डोलकाठ्या मोजल्या. तिन्ही डोलकाठ्या शाबूत! आत शिरताना तुळईवर डोकं आपटलं ते वेगळंच.

तिथल्या मार्गदर्शक बाई माते (कडवट पानांचा चहा) पीत होत्या. मी काकांची गोष्ट सांगितली तशा त्या हसल्या. "दोन मोडल्याच होत्या. या नंतर बसवल्या. तसंच मोडकं जहाज परत आलं, तेव्हा धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती." पुढे त्या सांगतच सुटल्या: आधी तोफा वाहिल्या, मग नौदलाच्या पोरांची शाळा भरवली, म्हातारपणी दारूगोळा सांभाळला आणि आता हे संग्रहालय. मी तिथूनच काकांना फोन लावला.

"मग! मी काय सांगत होतो?" म्हणत काकांनी फोन थेट बंटीच्या हातात दिला.

चतुर्दशीच्या संध्याकाळी मी गल्लीत हजर होते. जहाज थाटात निघालं आणि कोपऱ्यावरच केबलच्या तारांत उरलेली डोलकाठी अडकून कडकन मोडली. काकांचा चेहरा उतरला. कोणीतरी हसलंसुद्धा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात बंटीच ट्रॉलीवर चढला आणि तुटलेली काठी दोन्ही हातांनी उभी धरून ओरडला, "चलो भिया, जहाज घरी येतंय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. समुद्र न पाहिलेल्या आमच्या गल्लीने त्या दूरच्या धक्क्यासारखीच गर्दी केली होती.

"अरे उतर, हात दुखतील," काका म्हणाले.

"आता धक्का आल्याशिवाय नाही, काकाजी!"