मागच्या सीटसाठी क्रूझर: भालकी, कलबुर्गी, निंबर्गा

त्रेपन्नाव्या वर्षी मोटारसायकल घ्यायची म्हटलं की भालकीत लोक तोंडावर हसत नाहीत, पाठ फिरली की हसतात. माझं पंप आणि पाइपांचं दुकान भर बाजारात, त्यामुळे पाठ फिरायला वेळ लागत नाही. पण हसण्याचं मला काही नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी मुडबीजवळ माझी गाडी घसरली, मागं बसलेली मंगल, माझी बायको, डांबरावर आपटली आणि तिच्या खुब्यात ऑपरेशन करून सळई बसवावी लागली. तेव्हापासून ती लंगडत चालते आणि मी दुचाकीला हात लावला नाही. रस्त्यावर मळणीसाठी तूर पसरली होती, तिच्यावरून चाक सरकलं. हा प्रसंग मी पाहुण्यारावळ्यांना इतक्यांदा सांगितलाय की तो आमच्या घरात चहाबरोबरच येतो. त्यात दोष कायम त्या तूर पसरणाऱ्याचा असतो.

दिवाळीला हैदराबादहून मुलगी आली आणि म्हणाली, "अप्पा, आता तरी घ्या की. किती दिवस लोकांच्या गाड्यांकडं बघायलाव?" मंगल भाकरी थापत होती. ती म्हणाली, "घ्या. पण मी बसून बघते, मग घ्या." हा होकार की नकार, मला कळलं नाही. मी होकार धरला. नवी गाडी, मागं मंगल आणि तशीच भालकीत एंट्री, एवढंच मला हवं होतं. तिनं मला माफ केलंय का, हे एकोणीस वर्षांत विचारायचं धाडस झालं नव्हतं. ती मागं बसली असती तर विचारायची गरजच राहिली नसती.

माझ्यासारख्या दुचाकीकडं परतलेल्यांसाठी आधी एक सूचना. लायसन्स काढून तारीख बघा. माझं केव्हाच संपलं होतं. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो, आणि डॉक्टर ओळखीचा असला तर टोमणेही ऐकावे लागतात.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी बसनं निघालो. कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, त्यामुळे मंगल फुकट आणि मी पैसे मोजून. भालकी ते बसवकल्याण दोन्हीकडे ऊस. ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यामुळे बस रांगत होती. बसवकल्याणला बस बदलली. मुडबीचा फाटा आला तेव्हा मी मोबाइल काढून उगाच बघत बसलो. मंगल मात्र खिडकीतून बघत होती, फाटा मागं पडेपर्यंत मान वळवून. मी "काय बघायलीस?" असं विचारलं नाही.

कलबुर्गीला दुपारी पोचलो. स्टँडजवळच्या लॉजमध्ये नऊशे रुपयांची खोली, तळमजल्यावरची मुद्दाम मागून घेतली. कडक भाकरी, भरली वांगी आणि शेंगाची चटणी खाऊन शोरूमला गेलो. क्रूझरच का, असं बरेच जण विचारतात. सीट बुटकी असते, दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतात, हँडल अंगाशी येतं, कंबर ताठ राहते. पन्नाशीनंतर पाय टेकणं ही फार मोठी गोष्ट असते. पण सगळंच काही गोड नाही. वजन पावणेदोनशे किलोच्या पुढं, त्यामुळे उतारावर तोंड करून लावली की मागं ढकलताना देव आठवतो. फूटरेस्ट फार पुढं असले की खड्ड्याचा दणका पायात जिरत नाही, सरळ मणक्यात जातो. आमच्या भागातले रस्ते बघता फूटरेस्ट मध्यावर असलेलीच गाडी बघावी.

शोरूमवाला चाळिशीचा, दखनी बोलणारा. "अंकल, डरो नक्को. वजन नीचेच है इसका," म्हणाला. मी चक्कर मारली. माझ्या जुन्या गाडीचे सगळे गिअर पुढं दाबायचे होते. इथं पहिला खाली आणि बाकीचे वर. मी सवयीनं दाबत राहिलो आणि गाडी उचक्या देत राहिली. तरी दुसऱ्या चकरेला तोंडावर वारा लागला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाऱ्यानं आलं नव्हतं.

परतलो तर मंगल त्याच गाडीच्या दुसऱ्या नमुन्याशेजारी उभी होती. मागची सीट तळहाताएवढी, तीही मागं उतरती. मी पाठीला टेकू आहे म्हणून खूश होतो. तिच्यासाठीच तर टेकू पाहिला होता. तिनं पाय टाकायचा प्रयत्न केला, खुबा अर्ध्यावर अडकला. मग एका अंगाला बसायला गेली तर तोच टेकू दंडाला रुतायला लागला. शोरूमवाला म्हणाला, "आंटी, दोनों तरफ पाँव डालके बैठनेकीच सीट है ये." मंगल पदर सावरून उतरली. "तुमी तुमची कंबर बघून गाडी निवडलाव," एवढंच म्हणाली. ते खरं होतं. आठ महिने मी मोबाइलवर क्रूझर बघत होतो, आणि साडीतली बाई एका अंगाला बसते हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी आळंदमार्गे निंबर्ग्याला. तिथं एक जुनी क्रूझर विकायची आहे असं दुकानातल्या गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. मालक सिद्धप्पा, सत्तरीला टेकलेले शेतकरी, कानडी-मराठी दोन्ही घरचंच. गाडी जुन्या पद्धतीची, लांब सपाट सीट, टेकू नाही, साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी, आणि डाव्या बाजूला दोन्ही पाय मावतील अशी रुंद लोखंडी पट्टी त्यांनी वेल्डरकडून बसवून घेतलेली. माझ्याशी ते फार बोललेच नाहीत. "अक्का, तू बस बघू आधी," मंगलला म्हणाले. ती बसली. पाय पट्टीवर टेकले. तिनं सीटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हितं बसाय येतंय."

मी विचारलं, "अप्पा, एवढी जपलेली गाडी कामून विकायलाव?"

"घरच्या बाईचे गुडघे गेले. ती बसंना झाली. मग मी एकट्यानं कुठं जायचं?"

नंबर कर्नाटकातलाच असल्यामुळे कागदांची भानगड कमी. उदगीर-लातूरकडची गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी आणि इथला टॅक्स धरला की स्वस्ताई संपते. सह्या झाल्या, सिद्धप्पांच्या घरी चुरमुऱ्यांचा सुसला खाल्ला आणि आम्ही निघालो. मंगल मागं होती. तिचा हात माझ्या खांद्यावर होता. आळंदपर्यंत मी चाळीसच्या पुढं गेलो नाही. मला इतका आनंद झाला होता की मला भीती वाटत होती.

आळंदहून बसवकल्याणकडं निघाल्यावर तासाभरानं, एका वस्तीपुढं, अर्धा रस्ता तुरीनं झाकलेला दिसला. शेंगांसकट वाळलेल्या फांद्या पसरलेल्या. आमच्याकडची रीत अशी, की रास दिसली तर गाडी बाजूनं काढायची नाही, वरून घालायची. तेवढीच पसरणाऱ्याची मळणी होते. बाजूनं गेलात तर लोक म्हणतात, कसला माणूस हाय. रासेपाशी उभी असलेली बाई हात करून ओरडली, "अण्णा, वरनं घाला की!"

खांद्यावरचा हात गळ्याशी आवळला. "थांबा. मला उतरू द्या."

मी थांबलो. मंगल उतरली आणि रस्त्याच्या कडेनं, लंगडत, पूर्ण रास ओलांडून गेली. मी इंजिन बंद करून गाडी ढकलत तिच्यामागं गेलो. ती बाई तोंडाला पदर लावून बघत राहिली. पलीकडं पोचल्यावर मंगल माझ्याकडं न बघता म्हणाली, "तवाबी मी हळू म्हणाले होते."

"व्हय."

"दोनदा म्हणाले होते."

"व्हय. दोनदा."

इथं लिहितो, कारण कुठंतरी लिहायलाच हवं. त्या दिवशी रास लांबूनच दिसली होती. चारचाकीनं ती हळू तुडवायची असते. मी दुचाकी साठच्या वेगात घातली, माणसं बघत होती म्हणून. वाळल्या शेंगा फुटल्या की दाणे टायरखाली छर्र्यांसारखे पळतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि पडल्यावर मी आधी मंगलकडं गेलो नाही. आधी त्या तूरवाल्याकडं गेलो आणि त्याच्या कानाखाली वाजवली. ती रस्त्यावर पडून ते बघत होती.

मी म्हटलं, "मंगल, चुकलं माझं." एकोणीस वर्षं उशीर झालेलं वाक्य किती लहान असतं.

ती म्हणाली, "गाडी चांगली हाय. ठेवा." मागून बस येत होती. तिनं हात केला. "मी बसनं येते. तुमी सावकाश या."

बसवकल्याणपर्यंत मी त्या बसच्या मागं चालवत राहिलो. पुढं ट्रॅक्टरांच्या रांगेत बस दिसेनाशी झाली. भालकीत मी एकटाच शिरलो, बाजारात दोघांनी हात केला, आणि मला कुणाकडं बघवलं नाही.

आता महिना झाला. गाडी ॲव्हरेज बरं देते, कंबर दुखत नाही, गिअरची चूक अजून अधूनमधून होते. मंगल परत बसलेली नाही. मी विचारत नाही.

गाडी घरी आणली त्या दिवशी संध्याकाळीच शेजारचे वामनराव गाडी बघायला आले. चहा पिताना म्हणाले, "तवा त्या तूरवाल्यानं घात केला बघ तुझा, न्हाईतर कशाला गाडी सुटली असती?" सवयीनं मान हलवणार होतो. मंगल आत होती.

"न्हाई," मी म्हणालो. "त्याचा काई दोष नव्हता. मी जोरात होतो. ही हळू म्हणाली होती."

वामनरावांनी कप खाली ठेवला. आतून मंगल आली, दाराला टेकून उभी राहिली आणि तो दिवस तिनं सांगायला घेतला, सकाळी घरून निघाल्यापासून. एकोणीस वर्षांत तो प्रसंग आमच्या घरात तिच्या तोंडून पहिल्यांदाच येत होता. चहा गार झाला. मी मध्ये एकदाही बोललो नाही.