यादीतली मेमरी

चौदा मार्च. घरात माणसे दोन. फेब्रुवारीत तीन होती. प्रबंध टंकलिखित करून देणारा नवरा गेला, आणि मागे त्याची बायको, आई व दहा वर्षांचा संगणक राहिला. तो सुरू व्हायलाच अकरा मिनिटे लागत. हाती घेतलेला प्रबंध त्याच यंत्रावर पुरा केल्याशिवाय घर चालणार नव्हते.

नवऱ्याने करून ठेवलेली सुट्या भागांची यादी घेऊन ती दुकानात गेली. दुकानदाराने कागद ओळखला.

“वहिनी, दादा हा दर वर्षी आणायचे. भाव विचारायचे, खिसा चाचपायचे नि चहा पिऊन जायचे. माझा चहाच बुडवला त्यांनी!” तो हसला आणि लगेच ओशाळला.

एका वर्षी तिचा चष्मा झाला, एका वर्षी सासूबाईंची कवळी. यादीचे पैसे कुठे गेले ते तिला ठाऊक होते.

“यादीत पहिली मेमरी आहे,” हातातले पैसे पुढे ठेवत ती म्हणाली.

“पण एवढ्यात एकच काहीतरी बसेल. माझं ऐका, नवी डिस्क घ्या. मशीन पळेल.”

“मग डिस्कच द्या.”

संध्याकाळी त्याने घरी येऊन ती बसवली आणि जुने सगळे तीत उतरवून दिले. दुसऱ्या सकाळी तिने बटण दाबले. तो आवाज ऐकून सासूबाईंनी सवयीने पाय पुढे केले. त्या अकरा मिनिटांत मुलगा त्यांच्या पायांना तेल चोळत असे. संगणक अर्ध्या मिनिटात सुरू झाला. तिने तेलाची बाटली घेतली, घड्याळ लावून अकरा मिनिटे पाय चोळले, हात पुसले आणि पाचवे प्रकरण उघडले.

आधीच्या चार प्रकरणांची मजुरी अजून मिळालेली नाही.